विसरून सुटायचं नाही

मलकापूरच्या भाजीबाजारात माझ्या आईला, म्हणजे रुखमाबाईला, सगळे टरकून असतात. ती शिव्या देते म्हणून नाही, शिव्या तर सगळ्याच देतात. ती विसरत नाही म्हणून. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मास्तरीणबाईने तिच्या मेथीकडे बघून "ही गुरांना घाला" म्हटलं होतं. ती बाई गेल्या वर्षी पुन्हा आली, केस पिकलेले, गुडघा धरून चालणारी. आईने जुडी तिच्या पिशवीत टाकली, चेहरा नीट पाहिला आणि जुडी परत काढून घेतली. म्हणाली, "ही गुरायची हाये बाई. तुम्ही पुढं जा." त्या बिचारीला काही कळलं नाही. आईला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

अशा बाईच्या पोटी मी जन्मले, तेव्हा माझ्याकडूनही फार क्षमेबिमेची अपेक्षा ठेवू नका.

मी योगिनी. बसस्टँडमागच्या गल्लीत मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे ईईजी काढते. डॉक्टर अकोल्याहून आठवड्यातून दोनदा येतात, मशीन मात्र रोज चालू असतं. डोक्याला एकवीस वायरी चिकटवायच्या, मेंदूतल्या विजेच्या लाटा पडद्यावर उमटतात, त्या अर्धा तास नोंदवायच्या, एवढं माझं काम. लोकांना वाटतं आम्ही शॉक देतो. एका आजोबांनी तर विचारलं होतं, "पोरी, याच्यात माहे विचार दिसतीन का? मंग सुनेले आंदी बाहेर काढ." विचार दिसत नाहीत हो. पण फिट आहे का, मेंदू मंदावलाय का, याचा बराच अंदाज येतो. म्हाताऱ्या माणसांचा विसरभोळेपणा वाढला की रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआयच्या जोडीला डॉक्टर हेही काढायला लावतात.

आता मामाकडे येते. जानराव मामा, आईचा थोरला भाऊ, राहणार साखरखेर्डा. पांढरीशुभ्र टोपी, कडक आवाज, गावात कोणाचं लग्न मोडत असलं की मिटवायला याला बोलावणार. आणि घरात काय? अकरा-बारा वर्षांपूर्वी माझी आजी मंजुळाबाई विसरायला लागली. चूल पेटवून निघून जायची, बोलता बोलता थांबायची, भिंतीकडे टक लावून बसायची. या मिटवामिटवी करणाऱ्या माणसाने तिला डॉक्टरकडे नेलं असेल असं वाटतं का तुम्हाला? "नाटकं करून राह्यली बुढी," म्हणाला आणि तिची खाट गोठ्यात टाकली. बैलांच्या बाजूला. बाहेरून कडी. पाहुणे आले की सांगायचा, आई देवाला गेली आहे.

आईला कळलं तशी ती धावली. मी तेव्हा कॉलेजात होते, बरोबर गेले नाही. तिने अंगणात उभं राहून मामाला फाडून खाल्लं, हे मात्र मी शंभरदा ऐकलं आहे.

"मी नेते तिले मलकापूरले. दवाखान्यात दाखवते."

"पोरगं जित्तं असतांनी माय पोरीच्या दारात पडून राहीन? लोक माह्या तोंडावर थुंकतीन. तू आली तशी जाय!"

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या म्हाताऱ्या आमच्याकडे अजून आहेत. मामा त्या रिवाजामागे जाऊन लपला. आईची पिशवी त्याने रस्त्यावर फेकली, ब्लाउज आणि चष्मा धुळीत पडला, शेजारपाजारचे बघत उभे राहिले. दीड वर्षाने ऐन पौषात आजी त्या गोठ्यात गेली. सकाळी शेण काढायला आलेल्या गड्याला सापडली. आईला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर दहा वर्षं आईने माहेरचा उंबरा पाहिला नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, गेलेल्यांच्या नावाने घागर भरली जाते. आई त्या दिवशी मुद्दाम बाजारात दुकान मांडून बसायची आणि "माहेरी नाही गेल्या का?" असं कोणी विचारलं की तिला वांगी दुप्पट भावाने सांगायची. तिचं एकच म्हणणं होतं. "एक दिवस त्याले समोर बसवीन. भावकीच्या देखत. आन् मायचं काय केलं ते एकेक ऐकवीन. खाली मान घालून ऐकावं लागीन त्याले." तिला तो दिवस येणार याची खात्री होती.

गेल्या पौषात गोकुळचा फोन आला. गोकुळ म्हणजे मामाचा मुलगा, माझ्याहून लहान, स्वभावाने गरीब. मामी आधीच वारलेली, घरात बापलेक दोघंच.

"योगिनीताई, बाबा लय विसरून राह्यले वं. परवा मोटारसायकल बाजारात ठेवून पायी घरी आले. काल मलेच विचारे, तू कोण बे?"

मी आईला सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि टाळी वाजवली. "लागला! मायचा तळतळाट लागला त्याले!" शेजारणीला तिने फुकट दोन गड्ड्या कोबी दिला. मीही खूश होते, लपवत नाही. तो दिवस आम्ही मायलेकींनी सणासारखा काढला. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर निवडता निवडता आई एकदम थांबली.

"योगिनी, तो सगळंच विसरला तं?"

"तर काय होतंय? भोगेल."

"काय भोगीन, डोंबलाचं? तो तं सुटला ना वं! गोठा विसरीन, कडी विसरीन, माय विसरीन. मी त्याच्यासमोर बोंबलत बसली तं मलेच विचारीन, बाई तू कोण, पाणी पेतं का म्हणून." तिचे डोळे लाल झाले. "नाही. असं विसरून सुटू देणार नाही मी त्याले. बलाव त्याले इथं. तुह्या डॉक्टरले दाखव. जेवढा शुद्धीवर येते तेवढा आणा. मंग मी हाये आन् तो हाये."

मला हे पटलं नव्हतं. मला वाटत होतं, सडू दे ना. पण आईने एकदा ठरवलं की ठरवलं.

गोकुळला मी फोनवर तीनदा बजावलं होतं, आदल्या दिवशी शांपूने डोकं धुवायचं, तेलाचा थेंब लावायचा नाही, तेलावर वायरी टिकत नाहीत. आणि आले! मामाच्या कानामागून तेलाचे ओघळ. सदऱ्याची कॉलर हिरवीगार.

"अरे बाबा, हे काय?"

"ताई, डोकं दाखवाले न्याचं, तं कोरडं कसं न्यावं? पाव वाटी ब्राह्मीचं तेल जिरवलं म्या सोताच्या हातानं."

एवढ्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून डोकं सजवून आणलं होतं भैताडाने. तसंच मशीन लावलं असतं तर पडद्यावर नुसता कचरा उमटला असता आणि मामाला एक महिना पुढची तारीख मिळाली असती. मनात आलं, लावावं तसंच. पण माझं काम मी खराब करत नाही, कोणासाठीच नाही. मी मामाला बेसिनवर वाकवलं. ज्या डोक्यात दगड घालायचं मी दहा वर्षं मनात धरलं होतं, ते डोकं माझ्या दोन्ही हातांत आलं. चारदा शांपू लावला आणि असं खसाखसा घासलं की नखं दुखायला लागली.

"हळू वं माय," मामा म्हणाला. आमच्याकडे पोरीला लाडाने असंच म्हणतात. त्याने मला ओळखलं होतं की नाही कोण जाणे. मी आणखी जोरात घासलं.

मग टेपने डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, पेस्ट लावून वायरी बसवल्या. मामा गपगार पडला होता. मी म्हटलं, "डोळे मिटा." जागा माणूस डोळे मिटतो तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात एकसारख्या लाटा येतात. धडधाकट मेंदूच्या सेकंदाला नऊ-दहा. विसरण्याचा आजार मुरला असेल तर त्या बहुतेक वेळा मंदावतात, सात, सहा, कधी त्याहून कमी. मी पडद्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मनातल्या मनात म्हणत होते, मंद येऊ दे. देवा, साफ मंद येऊ दे.

नऊ आल्या. स्वच्छ, सारख्या, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारख्या. मला इतका संताप आला की मी दोनदा मोजल्या.

अठराव्या मिनिटाला डाव्या कानशिलाच्या वायरींवर टोकं उठायला लागली. आधी एखाददुसरं, मग झुंडीने. मी मामाकडे पाहिलं. डोळे उघडे, नजर छताला खिळलेली. ओठांची चपचप चालू, तोंडात काही नसताना. डावा हात सदऱ्याचं बटण चाळवत होता.

"मामा! नाव सांगा तुमचं. मामा!"

उत्तर नाही. पाऊण मिनिटाने टोकं थांबली, मामाने डोळे मिचकावले आणि विचारलं, "सुरू नाही केलं का अजून?" आमच्या मशीनला कॅमेरा नाही. रुग्णाने काय केलं ते मी नोंदीत लिहीन तेवढंच डॉक्टरांना कळतं. माझं बोट कीबोर्डवर थांबलं. थांबलं, खोटं कशाला बोलू. मग लिहिलं: नजर स्थिर, ओठांची चपचप, डावा हात बटणावर, हाकेला उत्तर नाही, पंचेचाळीस सेकंद, नंतर काही आठवत नाही.

गुरुवारी डॉक्टर आले. लाटा पाहिल्या, एमआरआय पाहिला, माझी नोंद दोनदा वाचली. मामाला गोकुळ वजन करायला घेऊन गेला होता. खोलीत आई आणि मी.

"हा विसरण्याचा आजार दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "ह्या फिट आहेत. हातपाय झटकले जात नाहीत म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. दिवसात कितीदा येत असतील कोण जाणे. तेवढा वेळ आणि त्याच्या मागचापुढचा बराच काळ डोक्यात काही उतरतच नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारा गेला कामातून. गोळी देतो, सकाळ-संध्याकाळ. एकही चुकली नाही तर चांगला फरक पडेल." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होत होतं का?"

आईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "माह्या मायले. टक लावून बसे. ओठ चपचप करे, असं घरचा गडी सांगत होता म्हणे."

"मग त्यांचंही हेच असू शकेल. आता सांगता येणार नाही. कदाचित गोळीने बऱ्या झाल्या असत्या."

मी आईकडे पाहिलं. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. बाहेर आल्यावर तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"ऐकलं? नुसतं कोंडलं नाही त्यानं. एका गोळीनं उठून बसली असती माय. हे त्याले सांगाचं. पण आत्ता नाही. आत्ता सांगतलं तं उद्या विसरून जाईन. चांगला पक्का होऊ दे."

आणि मग सुरू झाली सेवा. गोकुळच्याने गोळ्यांच्या वेळा सांभाळणं जमणार नव्हतं, म्हणून आईने मामाला आमच्याकडेच ठेवून घेतलं. मामा म्हणत होता, बहिणीच्या घरी कसा राहू, लोक काय म्हणतीन. आईने दात दाखवून हसून त्याची खाट मधल्या खोलीत, पंख्याखाली टाकली. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, गोळी. "तोंड उघड. जीभ वर कर." पथ्याचं जेवण, दूध, झोप मोजून. पहिले पंधरा दिवस मामा नुसता पेंगायचा आणि चिडायचा. आई गप्प सोसायची. माझी आई! बाजारात बातमी पसरली, बाया येऊन सांगायच्या, "बहीण असावी तं तुमच्यासारखी, रुखमाबाई." आई मान खाली घालून "कर्तव्य हाये बाई" म्हणायची आणि त्या गेल्या की माझ्याकडे बघायची. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो.

दुसऱ्या महिन्यात एकही फिट आली नाही. तिसऱ्या महिन्यात मामा पेपर वाचायला लागला, कापसाच्या भावावरून शेजाऱ्याशी वाद घालायला लागला, चिखलीच्या एसटीच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवायला लागला. काही खड्डे राहिले ते राहिलेच. गोकुळच्या बारावीचा निकाल त्याला आठवत नव्हता. एकदा मला म्हणाला, "योगिनी, तुह्या आईनं मले मरणातून काढलं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चैत्र संपता संपता आईने त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"दादा, माय कधी गेली?"

मामाचा घास हातात राहिला. "पौषात."

"कुठं?"

त्याने घास परत ताटात ठेवला. "गोठ्यात," म्हणाला.

आईने त्याला आणखी एक भाकर वाढली. आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "झाला पक्का. आखाजीले जाऊ."

दहा वर्षांनी आई साखरखेर्ड्याच्या त्या घरात शिरली. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. गोकुळने भावकीतले आठ-दहा जण बोलावले होते, बाप बरा झाला म्हणून जेवण होतं. ओसरीवर मातीची नवी घागर, तिच्यावर पत्रावळीत पुरणपोळी आणि रस. मामाने आजीचं नाव घेऊन पाणी सोडलं. लोक जेवायच्या तयारीने सरसावून बसले, तेवढ्यात आई उभी राहिली.

"थांब दादा. मायच्या नावानं पाणी सोडलं, तं मायचं ऐकूनबी घे. सगळे ऐका. याले जे झालं होतं ना, तेच मायले झालं होतं. तसंच टक लावणं, तसंच विसरणं. याले मी पंख्याखाली निजवलं, दूध पाजलं, गोळी चारली, तीन महिन्यांत माणसात आला. मायलेबी हीच गोळी पुरली असती. डॉक्टरनं सांगतलं."

डॉक्टरांचं 'कदाचित' आईने मलकापुरातच ठेवलं होतं.

"आन् यानं काय केलं? नाटक म्हणे. बैलाच्या बाजूले टाकलं. बाहेरून कडी लावली. मी नेते म्हटलं तं माही पिशवी फेकली रस्त्यावर. पोरीच्या घरी माय राहिली तं इज्जत जाते म्हणे! आन् सोता राह्यला ना तीन महिने बहिणीच्या घरी, गेली का इज्जत? दादा, मायले तू मारलं. हे तुले समजावं म्हणून बरं केलं तुले. माया म्हणून नाही. ध्यानात ठेव."

मी मामाकडे बघत होते, डोळे भरून बघत होते, यासाठीच तर त्याचं डोकं धुतलं होतं मी. त्याची मान खाली गेली. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. खांदे हलायला लागले. हेच हवं होतं आम्हाला, अगदी हेच. मग त्याने मान वर केली.

"खरं हाये, रुखमे. मी मारलं तिले. पण तू आली होती तवा दोन दिस होती मायजवळ गोठ्यात. दुसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं. आंदल्या दिवशी तूच अंगणात येऊन मले सांगतलं, दादा, माय पान नसतांनी पान चघळून राह्यली, पाह्य तं खरं. तू नक्कल करून दाखवली. आपण दोघंबी हसलो होतो."

दोन दिवस? आई मला नेहमी सांगायची ती अंगणातून हाकललेली एका दुपारची गोष्ट. डॉक्टरांना तिने गड्याचं नाव सांगितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मामाला बरोबर आठवत होतं.

अजूनही सगळं तिच्या हातात होतं. तिने नुसतं म्हणायचं होतं, तुह्या डोक्यात काय भरवसा, चार महिन्यांपूर्वी पोराले ओळखत नव्हता तू. भावकीने तिचंच ऐकलं असतं. मशीनचा कागद माझ्या पर्समध्ये होता, मी साक्ष दिली असती. मी तोंड उघडलंसुद्धा. म्हण ना, म्हण, मी मनातून ओरडत होते.

आईने एकदा भावकीकडे पाहिलं. मग ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हो. हसली होती मी."

आणि ती खाली बसली नाही. मामाच्या पुढ्यात गेली, वाकली, त्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली. दहा वर्षांचा सगळा राग त्या मुठीत होता, एक कणही कमी झालेला नव्हता.

"म्हणूनच सांगून ठेवते, दादा. एकबी गोळी चुकवली तं मी हाये आन् तू हाये. तुले विसराचं नाही. मले हे एकटीले आठवाले ठेवून गेला ना, तं तुह्या मातीलेबी येणार नाही मी."